लागला का नाय?

करंजवाडीहून चौकला कबड्डीचा अंतिम सामना बघायला जो एक टेंपो गेला होता, त्यात आपण होतो असं सांगणारी माणसं अक्षदाला पंधरा दिवसांत एकाहत्तर भेटली. टेंपोत वीस माणसं मावतात. दाटीवाटी केली तर पंचवीस. एकजण टपावर बसलो होतो म्हणाला, त्याला सोडून दिलं, तरी पंचेचाळीस माणसं उरत होती. आणि ती सगळी छातीवर हात ठेवून सांगत होती, की कोंडाजीची शेवटची चढाई त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

कोंडाजी ठोंबरे हे अक्षदाचे सासरे. आता वय एकसष्ट, गुडघे कुरकुरतात, पण खांदे अजून दारात अडकतील असे. सामना अठ्ठ्याऐंशी सालचा. एका बाजूला कर्जत तालुक्यातली करंजवाडी, दुसऱ्या बाजूला खालापूर तालुक्यातलं बोरखळ. गुण सारखे, वेळ संपत आलेली. कोंडाजी चढाईला गेले, बोरखळच्या भिवाजीच्या पायाला हात लावून मध्यरेषेवर परत आले, पंचानं हात वर केला आणि एका गुणानं जिंकून करंजवाडीनं ढाल गावात नेली. निदान करंजवाडीत तरी असंच सांगतात. बोरखळात सांगतात, की हात लागलाच नव्हता, पंच फितूर होता. त्या दिवशी मैदानात दगडफेक झाली, कनाती फाटल्या, आणि तेव्हापासून ही दोन गावं एकमेकांशी कबड्डी खेळलेली नाहीत. एखाद्या स्पर्धेत दोघांची गाठ पडायची वेळ आली, की कुठल्या तरी एका संघातल्या चार जणांचे पाय एकदम मुरगळतात.

यंदा करंजवाडीच्या क्रीडा मंडळाला पन्नास वर्षं होत होती. हनुमान जयंतीला स्मरणिका काढायची ठरली. मंडळाचा अध्यक्ष राजेश, अक्षदाचा चुलत दीर. तो प्लॉट विकण्याचा धंदा करतो, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्ट चकचकीत कागदावर छापलेली आवडते.

"वहिनी, आबांच्या त्या चढाईवर दोन पानं लिव," तो म्हणाला. "वाघासारखी झेप, विजेसारखा हात, असं काय तरी. तुला टायपिंग येतंय."

अक्षदाला टायपिंग येत होतं ते कर्जतला कोर्टासमोरच्या एका वकिलांच्या ऑफिसात. दिवसभर ती लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करायची. सहा वर्षांत तिच्या जिभेला एक खोड लागली होती. कुणी काही सांगितलं, की ती विचारायची, "पाहिलंत की ऐकलंत?" नवरा अक्षय माथेरानला हॉटेलात कामाला. आठवड्यातून एकदा घरी आला आणि "आज घाटात ट्रॅफिक होतं" म्हणाला, तरी ती हेच विचारायची. तो बिचारा घाट पायी उतरून आलेला असायचा.

तर हिनं वाघ आणि वीज बाजूला ठेवली आणि वही घेऊन गावात फिरायला लागली.

"मी पाहिलं," पोपट म्हणाला. पोपटचं गावात चिकनचं दुकान आहे आणि सांगण्याची हौस दुकानापेक्षा मोठी आहे. "कोंडाजीकाकांनी असा पंजा मारला, की भिवाजी उताणा पडला. दोन पलट्या खाल्ल्या त्यानं."

"तुम्ही कुठे होता?"

"झाडावर. आंब्याच्या."

"मैदानात झाड नव्हतं म्हणतात सगळे."

"तोडलं नंतर."

"पोपटभाऊ, तुमचा जन्म कधीचा?"

"शहाऐंशीचा."

"म्हणजे सामन्याच्या वेळी तुम्ही दोन वर्षांचे."

पोपटनं सुरा खाली ठेवला. "मग? डोळे नव्हते काय मला?"

वही अशीच भरत गेली. कुणी म्हणालं, सामना भर दुपारी झाला. कुणी म्हणालं, बत्त्या लावल्या होत्या. कुणाच्या मते हात टाचेला लागला, कुणाच्या मते गुडघ्याला, आणि एका म्हातारीच्या मते कोंडाजीनं भिवाजीला खांद्यावर उचलूनच आणला. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. लागला होता. अक्षदानं प्रत्येकासमोर दोन रकाने आखले होते, "पाहिलं" आणि "ऐकलं". पंधराव्या दिवशी पाहिल्याच्या रकान्यात चारच नावं टिकली, आणि त्या चौघांपैकी तिघं म्हणाले, धूळ फार होती.

शेवटी तिनं घरचाच साक्षीदार गाठला. आबा ओटीवर बसून कोयत्याला धार लावत होते. सासूबाई चंद्राबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या.

कोंडाजींनी सामना सुरुवातीपासून सांगितला. कुठल्या गड्यानं कुठल्या पायावर पकड केली, पहिल्या डावात त्यांची उजव्या हाताची बोटं कशी चेपली, गावच्या कंपाउंडरनं फडकं कसं करकचून बांधलं, सगळं त्यांना पाठ होतं. शेवटची चढाई आली आणि ते धारेकडे बघायला लागले.

"मग गेलो. आनी आलो. पुढचं तुला ठाऊकच हाय."

"मी लिहून आणलंय, आबा. वाचते." तिनं कागद काढला. सवयीनं तिनं तो प्रतिज्ञापत्रासारखाच टाइप केला होता. "मी, कोंडाजी बाळू ठोंबरे, सत्यप्रतिज्ञेवर सांगतो, की सदर चढाईत माझ्या उजव्या हाताची बोटे भिवाजी यांच्या पायास लागली. वरील मजकूर माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे. इथे सही करा."

कोंडाजींनी पेन घेतलं. कागदावर टेकवलं. पेन तिथंच राहिलं.

"सही पायजेच का?"

"गंमत म्हणून आबा. स्मरणिकेत सहीचा फोटो छापू."

"पंचानं हात वर केला होता, असं लिव ना."

"पंचाचं नाही विचारत. तुमचं विचारतेय. बोटं लागली का?"

चंद्राबाईंचं सूप थांबलं. कोंडाजींनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं, परत लावलं.

"मला ठाऊक नाय गं," ते म्हणाले.

अक्षदाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"बोटं बधिर झालेली. फडकं असं बांधलेलं, की कुनी चावला असता तरी कळलं नसतं. दम संपत आलेला, डोळ्यांपुढं काळं. हात टाकला एवढं आठवतं. मागं फिरलो, बघतो तर पंचाचा हात वर. म्हटलं, लागला असंल. मग पोरांनी खांद्यावर घेतलं. खांद्यावरून कसं सांगू, की बाबांनो, मला नक्की म्हाईत नाय?"

"मग खाली उतरल्यावर सांगायचं," चंद्राबाई म्हणाल्या.

"खाली उतरूनच कोन देतंय? दर हनुमान जयंतीला गळ्यात हार. आधी वाटायचं, पुढच्या वर्षी सांगू. मान वाढत गेला तशी जीभ जड होत गेली."

चंद्राबाईंनी सूप खाली ठेवलं. "म्हणून तुमी झोपेत 'लागला का, लागला का' करता होय! आनी मी इतकी वर्षं समजतेय, की कुनाला तरी काय लागलंय."

अक्षदानं कागदाची घडी केली. राजेशला पाहिजे होती तशी दोन पानं ती अर्ध्या तासात लिहू शकली असती. पण तिचं लक्ष आबांच्या चेहऱ्याकडे गेलं. दुखरा दात दाखवल्यावर माणूस बसतो, तसे ते बसले होते. निम्मं बरं वाटलेलं, निम्मं भ्यालेलं.

"शोधायचं का?" तिनं विचारलं.

"आता? आनी नाय लागला असं निघालं तर?"

"तर हार घेताना मान खाली घालावी लागेल."

"ती आताबी खालीच असते गं," कोंडाजी म्हणाले. "लोकांना वाटतं, नम्र हाय."

रविवारी दोघं स्कूटीवरून शेलूला गेले. सामन्याचे पंच म्हसे गुरुजी आता तिथं मुलाकडे राहत होते, नव्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. वय ब्याऐंशी, कान शाबूत, आवाज अजून शाळेतला. कोंडाजींना पाहून ते इतके खूश झाले, की सुनेला दोनदा चहा टाकायला लावला.

"गुरुजी, ती शेवटची चढाई," अक्षदा म्हणाली. "हात लागलेला तुम्ही पाहिलात?"

"मी हात वर केला ना? मग लागला."

"पण पाहिलात का?"

"पोरी, पंच बघत नाही. पंच ठरवतो."

"कशावरून ठरवतो?"

गुरुजींनी चष्मा काढून धोतराला पुसला. एवढा वेळ पुसला, की अक्षदाला उत्तर निम्मं कळून चुकलं.

"धूळ होती. धुळीत सहा पाय दिसत होते, त्यातला कुणाचा कुठला, देवाला ठाऊक. पण हा," त्यांनी कोंडाजींकडे बोट दाखवलं, "हा परत आला तो छाती काढून. वाघासारखा. ज्याला लागत नाही, तो असा परत येतो काय? चाळीस वर्षं पोरांचे चेहरे वाचलेत मी. याच्या तोंडावर लिहिलं होतं, लागला म्हणून. मी हात वर केला."

कोंडाजी सोफ्यातून पुढे सरकले. "गुरुजी, छाती काढून नाय. माजा दम उखडला होता. हवा खात होतो मी!"

"आँ?"

"आनी लागला असं मला वाटलं, ते तुमचा हात वर बघून."

गुरुजींनी चष्मा लावला. कोंडाजींकडे पाहिलं, मग अक्षदाकडे, मग परत कोंडाजींकडे. सातव्या मजल्याच्या खिडकीतून नेरळकडे जाणारी गाडी दिसत होती.

"म्हणजे मी तुझ्या तोंडावर विसंबलो," गुरुजी सावकाश म्हणाले, "आणि तू माझ्या हातावर."

"तसंच झालं म्हणायचं."

"हे बोरखळवाल्यांना सांगू नकोस रे," गुरुजी म्हणाले, आणि मग त्यांनाच हसू फुटलं. हसता हसता ठसका लागला आणि सुनेनं तिसऱ्यांदा चहाऐवजी पाणी आणलं. दोघं जिना उतरायला लागल्यावर मात्र गुरुजींनी दारातून हाक मारली. "कोंडाजी! खरं काय ते कळलं, तर मला फोन कर. कसंही असलं तरी कर."

आता एकच माणूस उरला होता, ज्याच्या पायाला हात लागला होता किंवा लागला नव्हता.

भिवाजीचं चौकला जुन्या हायवेवर पंक्चरचं दुकान होतं. करंजवाडीहून पाऊण तासाची वाट. कोंडाजी सदतीस वर्षांत त्या रस्त्यानं शेकडो वेळा गेले होते, पण दुकान आलं की उजवीकडच्या डोंगराकडे बघायचे. या वेळी स्कूटी दुकानासमोरच थांबली. एप्रिलचं ऊन डांबरातून वर येत होतं. भिवाजी ट्रकचं चाक पाण्याच्या टाकीत फिरवून बुडबुडे शोधत होता. मोठा देह, बनियन, मिशीत पांढरं. दुकानाच्या बाकावर बोरखळचेच तिघंचौघं गप्पा मारत बसले होते. त्यातल्या एकाच्या कपाळावर भुवईपासून केसांपर्यंत गेलेला जुना वण होता.

भिवाजीनं वर पाहिलं. चाक पाण्यात तसंच राहिलं.

"कोंडाजी?"

"व्हय."

"पंक्चर झालीय?"

"नाय. एक विचारायचंय."

बाकावरच्या गप्पा बंद झाल्या. भिवाजीनं हात पुसले, एक स्टूल पुढे केलं, शेजारच्या टपरीवाल्याला तीन बोटं दाखवली. चहा आल्यावर कोंडाजींनी पेला हातात धरला आणि एका दमात, जसे चढाईला जायचे तसे, सगळं सांगून टाकलं. बधिर बोटं, काळोखी, पंचाचा हात, आणि पंचानं काय सांगितलं तेही. "आता तूच काय तो सांग, भिवाजी. लागला का नाय?"

कपाळावर वण असलेला माणूस उठून उभा राहिला. "ऐकलंत का रं! स्वतःच्या तोंडानं बोलतोय! सांग भिवा, सांग त्याला!"

भिवाजीनं त्या माणसाकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाय लागला."

कोंडाजींनी मान हलवली. चेहरा उतरला होता, पण त्यांनी चहा संपवला, पेला नीट टपरीच्या थाळीत ठेवला.

"बरं. मग ढाल तुमची हाय. हनुमान जयंतीच्या आधी आनून देतो. उद्याच देतो. आनी हार घ्यायला उभा राहीन, तेव्हा माईकवर सांगतो." ते अक्षदाकडे वळले. "चल गं."

स्कूटी चालू होत होती, तेवढ्यात मागून पाण्याचे ओले हात झटकत भिवाजी आला. तो आधी बाकापासून किती लांब आहोत ते बघून घेत होता.

"थांब रं जरा. खरंच देणार ढाल?"

"मग काय? जी माजी नाय, ती ठेवून काय करू?"

"आनी माईकवर सांगणार?"

"सांगितलं ना."

भिवाजीनं मिशी चावली. "लागला होता," तो म्हणाला.

अक्षदानं स्कूटी बंद केली.

"डाव्या टाचेला. बोटं नाय, नख. चांगलं ओरबाडलेलं, दोन दिवस चप्पल घालता येत नव्हती. मी लागल्या लागल्या मान खाली घातली होती, पन धुळीत कुनी बघितलं नाय. मग आमच्या पोरांनी विचारलं, भिवा, लागला? माज्या तोंडातनं गेलं, नाय. हरलो होतो रं. हरलेल्या माणसाच्या तोंडाला तेवढंच येतं. वाटलं, थोडी हुज्जत होईल, संपेल. तर हे लोक दगड घेऊन उठले. आता उठलेल्या माणसांना कसं सांगायचं, की बसा, मी खोटं बोललो?"

"भिवाजीकाका," अक्षदा म्हणाली, "पाच मिनिटांपूर्वी तुम्ही नाही म्हणालात. आता हो म्हणताय. मी कुठलं खरं धरू?"

भिवाजीला राग आला नाही. त्यानं थोडा विचार केला. "ते बोललो तेव्हा मागं बाकडं भरून माणसं होती, वा वा करायला. आता बोलतोय तर माजं नुकसानच हाय. तूच बघ काय धरायचं ते."

सहा वर्षांत कोर्टासमोर अक्षदानं हजारभर प्रतिज्ञापत्रं टाइप केली असतील. इतकं चोख कलम एकातही नव्हतं.

कोंडाजी मात्र पेटले. "सदतीस वर्षं! अरं मेल्या, सदतीस वर्षं मी चोरासारखा हार घेतोय! एक निरोप तरी धाडायचास!"

"तू तरी विचारायचंस की!"

"मी कसा विचारनार? मी जिंकलेला!"

"आनी मी कसा सांगनार? मी हरलेला!"

दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहून ओरडत होते आणि बाकावरचे बोरखळकर समाधानानं मान डोलवत होते. त्यांना वाटत होतं, भिवाजी कोंडाजीला सुनावतोय.

ओरडून झाल्यावर भिवाजीचा आवाज खाली आला. "त्या बाकड्यावरच्या गजाला बघितलंस? कपाळाला सहा टाके हायत त्याच्या. त्या दिवशीच्या दगडाचे. गावात कुनी पावना आला, की हा आधी टोपी काढतो. 'आमच्या भिवाच्या खऱ्यासाठी खाल्लेत' म्हणतो. दर वेळी मी शेजारी बसलेला असतो. त्याला सांगायला लागंल रं आधी. मग तुमी छापा."

कोंडाजींनी भिवाजीच्या घामानं ओल्या खांद्यावर हात ठेवला, आणि हात ओला झाला म्हणून लेंग्याला पुसला.

घरी येऊन अक्षदानं दोन पानं लिहिली. लागला होता, हे लिहिलं. आबांना ते ठाऊक नव्हतं, हेही लिहिलं. गुरुजींच्या परवानगीनं त्यांचंही लिहिलं. फोनवर ते म्हणाले, "लिही. ब्याऐंशीव्या वर्षी मला कोण बाद करणार?"

राजेशनं पानं वाचली आणि डोकं धरलं. "वहिनी, लागला होता ना? मग झालं की! आबांना ठाऊक नव्हतं, हे कशाला? गावाची शोभा करतेस."

"दोन्ही खरं आहे, भावोजी."

"अर्धं छापू. अर्धंसुद्धा खरंच हाय."

"राजा," आतून कोंडाजींचा आवाज आला, "दोन्ही छाप. नायतर माजा फोटो काढून टाक, तिथं तुज्या प्लॉटची जाहिरात टाक."

राजेशला ही कल्पना क्षणभर बरी वाटली, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण भिवाजीचा 'आजच सांगतो, छापा' असा निरोप आल्यावर त्यानं दोन्ही छापलं.

हनुमान जयंतीला देवळासमोर मांडव पडला. स्मरणिका वाटून झाली आणि अर्ध्या तासात मांडवात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, कोंडाजीनं उगीच सांगितलं. कुणी म्हणालं, सुनेनं घरात कोर्ट आणलं. पोपट प्रत्येकाला गाठून सांगत होता, "काकांना ठाऊक नसंल, पन मला ठाऊक होतं. मी पाहिलं ना!"

मग मांडवाच्या तोंडाशी जीप थांबली आणि भिवाजी उतरला. मागून गजा. करंजवाडीच्या मांडवात बोरखळचा माणूस, हे बघून आचाऱ्यानं झारासुद्धा थांबवला. कोंडाजी स्वतः पुढे गेले आणि दोघांना घेऊन आले.

"सांगितलंस?" त्यांनी भिवाजीला हळूच विचारलं.

"सांगितलं. अख्ख्या गावाला सांगितलं. चावडीत उभा राहून सांगितलं." भिवाजी रडकुंडीला आला होता. "कुनी विश्वासच ठेवत नाय! म्हणतात, भिवा मोठ्या मनाचा. कोंडाजी दारात आला, म्हणून त्याची लाज राखायला खोटं बोलतोय. उलट माजा सत्कार ठेवलाय पुढच्या आठवड्यात."

"ठेवायलाच पायजे," गजा म्हणाला. टोपी त्यानं आधीच काढली होती. "पन मला कोंडाजीच्या तोंडून ऐकायचंय. म्हणून आलो. सांग रं, लागला का नाय?"

"मला कसं ठाऊक असनार, गजा? छापलंय ना तेच. बोटं बधिर होती. ज्याची टाच, त्यालाच विचारायला लागतं. आनी तो आता खरं बोलतोय."

"कशावरून?"

"तुज्या टाक्यांवरून. ज्याच्या नावानं तू हे टाके मिरवतोस, तोच तुला सांगतोय, की ते फुकट गेले. खोटं बोलायचं असतं, तर त्यानं गोड काय तरी सांगितलं असतं."

गजानं भिवाजीकडे वळून पाहिलं. भिवाजी मान खाली घालून पायातल्या चपलेकडे बघत होता. सदतीस वर्षांपूर्वी धुळीत कुणाला दिसलं नव्हतं, ते आता भर उजेडात सगळ्यांना दिसलं. गजाचा हात हळूहळू कपाळाकडे गेला.

"मग हा दगड मी कशापायी खाल्ला?" त्यानं विचारलं. आवाज मोठा नव्हता, पण मांडव इतका गप्प होता, की शेवटच्या पंगतीपर्यंत पोचला.

त्या शेवटच्या पंगतीत पदू बसला होता. सत्तरीचा, वाळलेला म्हातारा, कोंडाजीच्या संघातला जुना गडी. त्यानं पत्रावळीवरचा हात झटकला आणि तो उठला.

"तो दगड माजा," पदू म्हणाला.

इतकी वर्षं दोन्ही गावांत कुणी हे कबूल केलं नव्हतं. दगड आपोआप उडाला होता असंच सगळे धरून चालले होते. पदूची बायको आवडी पलीकडच्या पंगतीत बसली होती, तिनं तोंडावर पदर घेतला, पण तो लाजेनं नव्हे. "लग्नाच्या वर्षीच मला सांगितलंन," ती शेजारणीला म्हणाली. "म्हटलं, आज ना उद्या बाहेर पडंल."

गजा पदूसमोर जाऊन उभा राहिला. राजेश माईकची वायर शोधायला लागला.

"नेम धरून मारलास?" गजानं विचारलं.

"नेम धरला होता," पदू म्हणाला. "पन तुज्यावर नाय रं. भिवाजीवर. माज्या समोर लागला होता आनी हा नाय म्हणत होता, मला राग आला. हा वाकला. तू मागं होतास."

पहिली कोण हसली, ते नंतर कुणाला सांगता आलं नाही. अक्षदाच्या मते आवडी, पण ते तिनं ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. मग गजाच हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि पदूशेजारी मांडी घालून बसला. "सरक जरा," तो म्हणाला. "आनी भाजी वाढ इकडं. सदतीस वर्षांची भूक हाय."

पुढच्या आठवड्यात बोरखळात भिवाजीचा सत्कार झाला नाही. त्याऐवजी गजाला हार घातला. आता दुकानाच्या बाकावर कुणी पाहुणा आला, की गजा टोपी काढतो आणि सांगतो, की हा दगड भिवाजीवर नेम धरून मारला होता, वाजवीच मारला होता, आणि मी तो स्वतःच्या कपाळावर झेलला. भिवाजी चाक पाण्यात फिरवत असतो. पाहुण्यानं त्याच्याकडे पाहिलं, की तो मान डोलवतो आणि म्हणतो, "व्हय. खरं हाय ते."